‘तेल लावायला लागला एकदाचा’

ताई, आम्ही अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलंडजवळ पार्मामध्ये राहतो. मुलगा सोळा वर्षांचा आहे. शेजारी ब्याऐंशी वर्षांचे एक पोलिश आजोबा एकटेच राहतात. त्यांच्या गॅरेजमध्ये १९५० ची मर्क्युरी गाडी खोलून ठेवलेली आहे. सप्टेंबरपासून आमचे चिरंजीव शनिवार-रविवार तिथेच पडीक असतात. आता त्यानं केसांना कसलंसं मेण थापून कोंबडा काढलाय, बाह्या दुमडलेला पांढरा टीशर्ट घालतो आणि वाढदिवसाच्या पैशातून जुनं लेदर जॅकेट आणलंय. ‘मी ग्रीजर आहे’ म्हणतो. उशीचे अभ्रे तेलकट झालेत. पुढच्या वर्षी दोन एपी (म्हणजे हायस्कुलातच कॉलेजच्या दर्जाचे) विषय सोडून अर्धा दिवस ऑटोच्या वर्गाला जायचं म्हणतोय. मी शोधून वाचलं, तर ग्रीजर म्हणजे टोळ्या करून मारामाऱ्या करणारी मवाली पोरं! यांचं म्हणणं, ‘आपण सात समुद्र ओलांडून आलो ते पोरानं हात काळे करावेत म्हणून नाही.’ सांगलीच्या सासूबाई मात्र व्हिडिओ कॉलवर खूश: ‘बरं झालं, तेल लावायला लागला एकदाचा.’ धाकटी बारा वर्षांची, तीही आता दादाबरोबर जायचं म्हणते. आजोबांकडे जाणं बंद करावं का?
— एक आई

प्रिय मैत्रीण,

आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तुमच्या घरात या प्रकरणाकडे निवांतपणे बघणारं माणूस तेवढं एकच दिसतंय.

जाणं बंद करू नका. हे उत्तर मी सुरुवातीलाच देऊन टाकते, कारण पुढे मी बरीच लांबण लावणार आहे. मी ओहायोतल्या एका शाळेच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं काढली. टल्साच्या एका शाळकरी मुलीनं पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेली, १९६७ मध्ये छापून आलेली ग्रीजर पोरांची कादंबरी इथे आठवीच्या आसपास वाचायला लावतात. ती वाचून झाली की दरवर्षी एक-दोन मुलं केस चापून बसवून ग्रंथालयात यायची. पंधरा दिवसांत उतरायचं सगळं. तुमच्या मुलाचं सप्टेंबरपासून टिकलंय, म्हणजे ते पुस्तकातून आलेलं नाही. ते त्या गॅरेजमधून आलंय, आणि म्हणूनच ते नीट समजून घ्यावं असं मला वाटतं.

तुम्ही ‘मवाली’ लिहिलंत. ‘ग्रीजर’ हाही मुळात असाच, दुसऱ्यानं लावलेला शब्द. कॅलिफोर्नियानं १८५५ मध्ये भटक्या लोकांविरुद्ध एक कायदा केला. त्याच्या मजकुरात ‘ग्रीजर’ हा शब्द चक्क छापलेला होता आणि रोख होता स्पॅनिश व मूळ रहिवासी अशा मिश्र रक्ताच्या लोकांवर, म्हणजे मेक्सिकनांवर. पुढे हीच शिवी इटालियन मजुरांच्याही वाट्याला आली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती कारखान्याच्या वस्त्यांतल्या पोरांना चिकटली. कुठे इटालियन, कुठे पोलिश, कुठे मेक्सिकन घरातली ही पोरं. डोक्याला पोमेड (केसांचं मेण) नाहीतर साधं व्हॅसलीन थापायची, आणि हात गाडीच्या ग्रीसनं माखलेले, त्यामुळे शब्द दोन्हीकडून बसला. काही गावांत त्यांना ‘हूड’, म्हणजे गुंड, म्हणायचे. पोरांनी पुढे तीच शिवी छातीवर बिल्ल्यासारखी लावली. तुमचा मुलगा जे नाव अभिमानानं मिरवतोय, ते आजोबांच्या तरुणपणी कुणी प्रेमानं घेत नसे. आजोबांना विचारा, त्यांना लोक काय म्हणायचे. कदाचित हसून सोडून देतील, पण विचारा.

आता तो वेष. पांढरा टीशर्ट म्हणजे अमेरिकी नौदलानं सैनिकांना गणवेशाच्या आत घालायला दिलेली बंडी. युद्धावरून परतलेल्यांनी ती वर काहीही न चढवता घालायला सुरुवात केली, तेव्हा सभ्य घरांत ते बनियनवर फिरण्यासारखंच दिसलं असणार. जीन्स खाणीतल्या आणि शेतातल्या मजुरांची. जड बूट कामगारांचे. आणि लेदर जॅकेट मोटरसायकलवाल्यांचं: न्यू यॉर्कच्या शॉट कंपनीनं १९२८ मध्ये तिरप्या चेनचं जॅकेट काढलं, साडेपाच डॉलरला विकलं आणि मालकाच्या आवडत्या सिगारवरून त्याला ‘परफेक्टो’ नाव दिलं. म्हणजे नखशिखान्त पाहिलंत तर हे कष्टकऱ्यांचे आणि शिपायांचे कपडे आहेत. ते घालून पोरं वर्गात बसायला लागली, त्यावरून एवढा गहजब झाला. किती तरी शाळांनी जीन्सवर बंदी घातली. कापड तेच, घालणाराही तोच, फक्त कारखान्याच्या फाटकातून आत जाताना ते चालायचं आणि शाळेच्या दारातून जाताना चालायचं नाही.

केसांवरच तेवढी चैन होती. पुढे कोंबडा, मागे दोन्हीकडून केस आणून मधोमध भांगासारखी रेघ, म्हणजे बदकाची शेपटी. मागच्या खिशात कंगवा. आपल्याकडे देव आनंदच्या काळात घरोघरच्या काकांनी ब्रिलक्रीम लावून असलाच कोंबडा काढला होता आणि घरोघरच्या आजोबांनी त्यावरून आरडाओरडा केला होता. तुमच्या सासऱ्यांचा लग्नातला फोटो असेल तर तो जरा काढून बघा. माझ्या मोठ्या काकांच्या फोटोत कपाळापेक्षा कोंबडा उंच आहे.

हे सगळं घडायला तुमचंच गाव होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं आहे का? युद्ध संपलं, परतलेल्या सैनिकांना सरकारनं शिक्षणाला आणि घराला मदत दिली, कारखाने धडधडायला लागले. पार्मात शेवरोलेचा मोठा कारखाना आला, शेजारच्या ब्रूक पार्कमध्ये १९५१ मध्ये फोर्डचा इंजिनांचा. १९५० ते १९६० या दहा वर्षांत पार्माची लोकसंख्या सुमारे २९ हजारांवरून ८२ हजारांच्या वर गेली. क्लीव्हलंडच्या जुन्या वस्त्यांतून पोलिश, युक्रेनियन, इटालियन कुटुंबं एकसारख्या घरांच्या ओळींत येऊन राहिली. त्यांच्या मुलांच्या हातात पहिल्यांदाच चार पैसे खुळखुळायला लागले. बापाच्या पिढीला त्या वयात कामाला जावं लागलं होतं. या मुलांना हायस्कूल मिळालं, संध्याकाळ मिळाली आणि भंगारात युद्धाआधीच्या फोर्ड गाड्या मिळाल्या. सैन्यात इंजिनं खोलायला शिकून आलेले मोठे भाऊ होतेच. गाडीचं छत कापून बुटकं करायचं, मागून खाली बसवायची, जोड शिशानं भरून गुळगुळीत करायचे. १९४९ ते १९५१ च्या मर्क्युरी या कामासाठी फार आवडत्या. शेजारच्या गॅरेजमध्ये आहे ती त्याच जातकुळीतली.

आणि संगीत. अ‍ॅलन फ्रीड नावाचा गोरा निवेदक क्लीव्हलंडच्या रेडिओवर रात्री काळ्या कलाकारांच्या तबकड्या लावायचा. २१ मार्च १९५२ ला त्यानं क्लीव्हलंड अरीनात कार्यक्रम ठेवला. जागा दहा हजारांची, आले जवळजवळ दुप्पट. दारं मोडली आणि कार्यक्रम सुरू होतो न होतो तोच पोलिसांना तो बंद करावा लागला. रॉक अँड रोलचा पहिला मोठा जलसा म्हणून आज त्याचं कौतुक होतं. त्या रात्रीची गर्दी बहुतेक काळ्या तरुणांची होती. गोऱ्या वस्त्यांतली पोरं तेच संगीत रात्री अंथरुणात रेडिओ कानाशी धरून ऐकायची. एक गोष्ट मात्र आजोबांच्या आठवणींत कदाचित येणार नाही, ती मी सांगते. त्या गाण्यांचे गायक पार्मात घर घ्यायला आले असते तर त्यांना ते मिळालं नसतं. काळ्यांना गावात येऊ देत नाही म्हणून केंद्र सरकारनं १९७३ मध्ये पार्मावर खटला भरला आणि १९८० मध्ये न्यायालयानं गावाला दोषी ठरवलं. तुमचं सावळं कुटुंब आज त्या गल्लीत राहतंय, यामागे असे खटलेही आहेत. मुलाला ‘जुने सोन्यासारखे दिवस’ ऐकून भुरळ पडत असेल, तर हेही त्याच्या कानावर घाला. आजोबांना खाली दाखवण्यासाठी नव्हे. सोळाव्या वर्षी अख्खी गोष्ट झेपते म्हणून.

तुम्ही वाचलेल्या मारामाऱ्या खोट्या नाहीत. १९५७ मध्ये न्यू यॉर्कच्या हायब्रिज पार्कमध्ये पोलिओनं अधू झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला टोळीतल्या पोरांनी मारून टाकलं, आणि देश हादरला. चाकू होते, साखळ्या होत्या, रस्त्यावर शर्यती लावून मेलेली मुलंही होती. पण या खऱ्या आगीवर मोठ्या माणसांनी जो धूर केला तोही बघा. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात चार जुलैच्या सुट्टीत मोटरसायकलवाल्यांचा मेळावा जरा हाताबाहेर गेला. दारू पिऊन दंगा, किरकोळ अटका. ‘लाइफ’ साप्ताहिकानं बिअरच्या बाटल्यांच्या ढिगाऱ्यात मोटरसायकलवर रेललेल्या माणसाचा फोटो छापला आणि साऱ्या देशाला वाटलं, गावावर धाड पडली. त्यावरून १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा सिनेमा आला, आणि मग आदल्या दिवशीपर्यंत सायकलवर फिरणाऱ्या पोरांना तसलंच जॅकेट हवंसं झालं. १९५४ मध्ये सिनेटच्या समितीनं बालगुन्हेगारीचं मूळ कॉमिक पुस्तकांत शोधलं! जानेवारी १९५७ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीला टीव्हीवर कमरेच्या वरच दाखवलं, खालचा भाग देशाला झेपणार नाही म्हणून. कॉमिक, कंबर, कंगवा. ज्या घरात मुलगा हाताबाहेर गेला, त्या घरात शिरून बघण्यापेक्षा या गोष्टी सोप्या होत्या.

आणखी एक मजा. सिनेमातला जेम्स डीनचा लाल जॅकेटवाला बंडखोर सगळ्यांना आठवतो, पण तो सुखवस्तू घरातला मुलगा आहे. त्याचं दुखणं आईबाप आपल्याला समजून घेत नाहीत हे. सिनेमानं बंड उचललं आणि त्यातला कारखाना गाळून टाकला. खऱ्या ग्रीजर पोरांचं दुखणं वेगळं होतं. आईबाप समजून घेत होते की नाही कोण जाणे, शाळेनं मात्र त्यांना पुरतं ओळखलेलं असायचं. नववीत कुणीतरी कागदावर खूण करायचं: हा कॉलेजच्या वाटेला, हा शॉपच्या, म्हणजे यंत्रशाळेच्या. व्यवसाय शिक्षणाला १९१७ पासून केंद्राचा पैसा मिळत होता, यंत्रशाळा छान होत्या, शिक्षकही जाणकार होते. पण कोणत्या आडनावाची, कोणत्या गल्लीतली मुलं त्या वाटेला लागायची हे बहुधा आधीच ठरलेलं असायचं. वाट निवडली असं फार थोड्यांना म्हणता आलं असतं. टवाळीही पाठ सोडत नव्हती. १९६३ पासून क्लीव्हलंडच्या टीव्हीवर रात्री भुताचे सिनेमे दाखवणारा घूलार्डी नावाचा विदूषक होता. त्याचा हुकमी विनोद म्हणजे पार्मा: पांढरे मोजे, अंगणातले गुलाबी प्लॅस्टिकचे फ्लेमिंगो आणि पोल्का नाच. लोक पोट धरून हसायचे, पार्माचे लोकही.

पुढे व्हिएतनाम आलं. कॉलेजात असेल त्याला सैन्यभरतीतून सवलत होती. शॉपच्या वाटेला लागलेल्या बहुतेकांना नव्हती. एल्व्हिससुद्धा त्याआधी, मार्च १९५८ मध्ये, भरती झाला आणि त्याचे ते केस छायाचित्रकारांच्या देखत भादरले गेले. इतरांचे भादरले गेले तेव्हा कॅमेरे नव्हते. जे परत आले, त्यांना काही वर्षं बरी गेली. युनियनचा पगार, घर, दारात गाडी. मग कारखान्यांत माणसं कमी व्हायला लागली.

एवढं सगळं सांगितलं ते यासाठी की तुमच्या यजमानांचं वाक्य मला बोचलं. ‘हात काळे करावेत म्हणून नाही.’ त्यांची भीती मला कळते. इथे स्थिरस्थावर व्हायला काय पडतं ते मी भोगलंय, आणि मुलानं एक पायरी खाली उतरू नये असं कोणत्या बापाला वाटत नाही? पण हात काळे झाले की माणूस खालच्या पायरीवर, ही शिडी आपण सामानात बांधून घरूनच आणली आहे. इथल्या लोकांकडे त्यांची स्वतःची होतीच; दोन्ही शिड्या अगदी फिट्ट बसतात एकमेकींना. मुलानं तुमच्या घरात नेमकी तीच पायरी मुद्दाम अंगावर चढवलीय. त्याला ते शब्दांत सांगता येणार नाही, पण अख्ख्या कपाटातून त्यानं बंडासाठी कामगाराचेच कपडे का निवडले, याचा विचार यजमानांनी एकदा शांतपणे करावा.

तुमच्या मुलात आणि त्या पोरांत एक मोठा फरक आहे, तो त्याला कळायला हवा. त्यांच्यावर जे लादलं गेलं, ते हा निवडतोय. रविवारी रात्री जॅकेट खुंटीला लावून तो पुन्हा एपीवाला मुलगा होऊ शकतो. यावरून त्याला टोमणा मारू नका हं! फक्त विचारा: आजोबांना निवडता आलं असतं तर त्यांनी काय निवडलं असतं? हा प्रश्न त्यानं आजोबांनाच विचारला तर आणखी बरं. उत्तर काहीही येऊ शकतं. ‘हेच’ असंही येईल.

ऑटोच्या वर्गाबद्दल घाईनं हो किंवा नाही म्हणू नका. ओहायोत तो वर्ग घेतला म्हणून कॉलेजचं दार बंद होत नाही. हायस्कुलात असतानाच कॉलेजचे क्रेडिट मिळवायची सरकारी योजना इथे आहे, आणि तंत्रशिक्षणाच्या काही वर्गांनाही क्रेडिट मिळतात. शाळेच्या समुपदेशकाची वेळ घ्या आणि तिघांनी मिळून जा. वेळापत्रक कागदावर मांडायला लावा: एक एपी ठेवून ऑटो जमतं का, गणित सुटत नाही ना, दोन वर्षांनी इंजिनीअरिंगला जावंसं वाटलं तर कोणता विषय नडेल. गणित मात्र सोडू देऊ नका, मी या एका बाबतीत जुन्या वळणाची आहे. आणि हे विचारायचं काम त्यालाच करू द्या. ग्रीजरनं समुपदेशकासमोर वही उघडून बसावं, हे मला तरी बघायला आवडेल.

आता खरी काळजी. तुम्ही केसांतल्या तेलाला घाबरलात, पण त्या गॅरेजमध्ये घाबरण्यासारख्या दुसऱ्या गोष्टी आहेत. त्या काळी गाडीचे जोड शिशानं भरायचे हे वर सांगितलंच. तुमच्या शेजारची गाडी तशी भरलेली असेल आणि पोरगं तिच्यावर पॉलिश पेपर घासत असेल, तर शिशाची धूळ नाकातोंडात जाते. जुना रंगही शिशाचाच असू शकतो. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ब्रेक उघडून फुंकर मारून धूळ उडवायची सवय जुन्या मेकॅनिकांना असते, ती चालणार नाही. चांगला मास्क हवा, नुसतं फडकं नव्हे. घासताना कोरडं घासू नये, ओलं करून घासावं. घरी आल्यावर ते कपडे वेगळे धुवा आणि हात धुतल्याशिवाय जेवायला बसू देऊ नका. महिनोन् महिने तिथे काम झालंय, तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं एकदा तपासून घ्या. साधी तपासणी असते. गाडी नुसत्या जॅकवर असताना, खाली घोड्या (जॅक स्टँड) लावल्याशिवाय, कुणी तिच्याखाली शिरायचं नाही. इंजिन सुरू असताना गॅरेजचं दार सताड उघडं. आणि ती गाडी रस्त्यावर यायची झाली तर आधी सीट बेल्ट बसवून घ्या, कारण १९५० च्या गाडीत ते नसतातच.

हे सगळं तुम्ही मुलाकरवी सांगू नका, स्वतः जा. कशाला जायचं ते तुम्हाला ठाऊक आहे: डबा घेऊन. एकट्या राहणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं किती तरी महिने तुमच्या मुलाला पाना धरायला शिकवलं आणि तुमच्या पत्रात त्यांच्या घरात पाऊल टाकल्याचा उल्लेख नाही. पुरणपोळी द्या, चालेल. तिखट मात्र बेतानं. यजमानांनाही न्या. त्यांना म्हणावं, इंजिनाबद्दल एक प्रश्न विचारा आणि अर्धा तास गप्प बसा.

धाकटीला जाऊ द्या. आजोबांच्या काळात शाळेत मुलांना यंत्रशाळा आणि मुलींना स्वयंपाक-शिवण असा सरळ हिशेब होता. ग्रीजर पोरांबरोबर फिरणाऱ्या मुलींना गाडीत बसायला मिळायचं, बॉनेट उघडायला क्वचितच. तिला मास्क मोठ्या माणसाच्या मापाचा चालणार नाही, तेवढं बघा. शिशाच्या घासकामापासून तिला पूर्ण लांब ठेवा. कार्ब्युरेटर खोलू दे.

राहता राहिले अभ्रे. तो पेट्रोलियमचा पोमेड लावत असणार, तो शांपूनं निघत नाही, उलट पसरतो. डोक्याला कोरडं बेसन चोळून दहा मिनिटं ठेवायला सांगा, मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग शांपू. अभ्र्यालाही तोच भांड्यांचा साबण डागावर चोळून गरम पाण्यात टाका. नाहीतर त्याला पाण्यात विरघळणारा पोमेड आणून द्या, कोंबडा तसाच राहतो. सासूबाईंना मात्र यातलं काही कळवू नका.